पाइपवादकाची उपजीविका : शेमस एनिस आणि आयरिश परंपरागत संगीत

आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आइल ऑफ मॅन, कॉर्नवॉल आणि फ्रान्समधील ब्रिटनी या प्रदेशांत केल्टिक भाषाकुळातील भाषा बोलल्या जातात किंवा पूर्वी बोलल्या जात, आणि या भाषिक नात्यावरून तेथील लोकसंगीताला मिळून ‘केल्टिक संगीत’ असे म्हणण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ध्वनिमुद्रिकांच्या बाजारपेठेत आणि महोत्सवांत रूढ झाली. प्रत्यक्षात या प्रदेशांची वाद्ये, ताल आणि गायनपद्धती एकमेकींपासून बऱ्याच वेगळ्या आहेत, त्यामुळे केल्टिक लोकसंगीतकाराची कारकीर्द कशी असते या प्रश्नाचे उत्तर एखादा प्रदेश आणि एखादी व्यक्ती समोर ठेवूनच नीट देता येते. त्या दृष्टीने आयर्लंडचे पाइपवादक शेमस एनिस (१९१९–१९८२) यांचे जीवन विशेष बोलके आहे, कारण वादक, गायक, संग्राहक, लेखनिक, निवेदक आणि शिक्षक अशा सर्व भूमिका त्यांनी पार पाडल्या. त्यांच्या कारकिर्दीतून असे दिसते की परंपरागत वादकाचा मान आणि त्याची मिळकत या दोन गोष्टी निरनिराळ्या कारणांनी घडतात आणि अनेकदा उलट्या दिशेने जातात.

आश्रय, दुष्काळ आणि स्थलांतर

आयर्लंडमध्ये संगीतावर पोट भरण्याची सर्वांत जुनी व्यवस्था जमीनदार घराण्यांच्या आश्रयाची होती. हार्प म्हणजे उभ्या तारांचे, बोटांनी छेडायचे वाद्य, आणि ते वाजवणारे वादक एका वाड्यावरून दुसऱ्या वाड्यावर जात, यजमानाच्या गौरवार्थ रचना करीत आणि त्या बदल्यात निवास, भोजन व बिदागी मिळवीत. या व्यवस्थेतील सर्वांत प्रसिद्ध नाव टर्लो ओ’कॅरोलन (१६७०–१७३८) यांचे आहे. वयाच्या अठराव्या वर्षी देवीच्या रोगाने त्यांची दृष्टी गेली, तेव्हा मॅकडर्मट रो घराण्यातील एका स्त्रीने त्यांच्या हार्पशिक्षणाची सोय केली आणि शिक्षण संपल्यावर घोडा, वाटाड्या व थोडे पैसे देऊन मार्गस्थ केले. मात्र आश्रय देणारी गेलिक घराणी राजकीय पराभवांमुळे खचत गेली, आणि १७९२ मध्ये बेलफास्ट येथे हार्पवादकांचा मेळावा भरवण्यात आला तेव्हा सबंध आयर्लंडमधून जेमतेम दहा वादक जमले. त्यांचे वादन टिपून घेण्यासाठी एडवर्ड बंटिंग या एकोणीस वर्षांच्या ऑर्गनवादकाला नेमले होते, आणि आयरिश संगीताच्या पद्धतशीर संग्रहणाची सुरुवात सामान्यतः तेथपासून मानली जाते.

हार्पवादकांमागोमाग सामान्य जनतेचे वादक म्हणून पाइपवादक आणि फिडलवादक पुढे आले. (व्हायोलिनलाच लोकसंगीताच्या संदर्भात फिडल म्हणतात.) जत्रा, लग्ने, गावातील नाच हे त्यांच्या मिळकतीचे मार्ग होते, परंतु १८४५ नंतरच्या महादुष्काळाने नाचणारी आणि पैसे देणारी गावेच रिकामी केली. लाखो माणसे अमेरिकेला गेली आणि त्यांच्याबरोबर संगीतही गेले. त्यामुळे आयरिश धुनांचा एक अत्यंत प्रभावी छापील संग्रह १९०३ मध्ये शिकागोत प्रसिद्ध झाला, आणि त्याचे संपादक फ्रान्सिस ओ’नील हे त्या शहराचे पोलीसप्रमुख होते. पुढे स्लायगो परगण्यातील फिडलवादक मायकेल कोलमन यांनी १९२० आणि १९३० च्या दशकांत न्यूयॉर्कमध्ये केलेल्या ध्वनिमुद्रिका जहाजाने आयर्लंडला परतल्या, आणि त्यांच्या वादनशैलीचा तेथील खेडोपाडीच्या वादकांवर एवढा प्रभाव पडला की अनेक ठिकाणच्या स्थानिक शैली मागे सरल्या.

या इतिहासातून लक्षात येण्याजोगी बाब अशी की बंटिंग चर्चमध्ये ऑर्गन वाजवून आणि ओ’नील पोलीस खात्यात नोकरी करून संगीत जमवीत होते. लोकसंगीत जमवणे हीच पगारी नोकरी असू शकते ही कल्पना आयर्लंडमध्ये यायला विसाव्या शतकातील स्वतंत्र राज्य आणि त्या राज्याच्या संस्था उभ्या राहाव्या लागल्या.

घराचा वारसा आणि वाद्याची घडण

शेमस एनिस यांचा जन्म ५ मे १९१९ रोजी डब्लिनच्या उत्तरेकडील फिंगलस भागातील जेम्सटाउन येथे झाला. वडील जेम्स एनिस सरकारी नोकरीत होते आणि पाइप, बासरी व नृत्य या तिन्हींत नावाजलेले होते. त्यांनी १९०८ मध्ये लंडनमधील गहाणवटीच्या एका दुकानातून जुन्या पाइपचे सुटे भाग भरलेली पिशवी विकत घेतली होती. हे भाग एकोणिसाव्या शतकात डब्लिनच्या थॉमस स्ट्रीटवर वाद्ये बनवणाऱ्या कॉइन या कारागिराच्या हातचे होते, आणि जुळवून दुरुस्त केलेला तोच संच पुढे शेमस यांच्या हाती आला. जेम्स एनिस ज्या त्रिकुटात वाजवीत त्याचे वादन १९२६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नभोवाणीवरून प्रसारित होत असे, त्यामुळे घरातील संगीत आणि सरकारी माध्यम यांची सांगड शेमस यांना लहानपणापासून परिचित होती. वयाच्या तेराव्या वर्षी त्यांनी पाइप हाती घेतला.

हे वाद्य समजून घेतल्याशिवाय वादकाच्या कारकिर्दीचा वेग समजत नाही. स्कॉटलंडच्या रणवाद्यासारखी यात तोंडाने हवा भरत नाहीत. वादक बसून वाजवतो, उजव्या कोपराखाली बांधलेला लहान भाता दाबून डाव्या काखेतील चामडी पिशवीत हवा भरतो आणि पिशवीवरील दाब डाव्या कोपराने सांभाळतो, म्हणून त्याला ‘इलन पाइप’ म्हणजे कोपराचा पाइप असे नाव आहे. भात्याची हवा कोरडी असल्यामुळे आतल्या नाजूक पत्त्या (रीड) ओल्या होत नाहीत आणि वाद्याचा आवाज बंद खोलीला साजेसा मृदू राहतो. बोटांनी वाजवायच्या मुख्य नळीला ‘चँटर’ म्हणतात. तिच्यातून दोन सप्तके निघतात, आणि वरचे सप्तक काढण्यासाठी नळीचे टोक मांडीवर दाबून बंद करून पिशवीवर जोर वाढवावा लागतो. तीन लांब नळ्या, ज्यांना ‘ड्रोन’ म्हणतात, एकच आधारस्वर तीन वेगवेगळ्या सप्तकांत अखंड धरून ठेवतात आणि धुनेला तंबोऱ्यासारखी बैठक देतात. याखेरीज ‘रेग्युलेटर’ नावाच्या तीन नळ्यांवर चाव्या बसवलेल्या असतात. बोटे चँटरवर गुंतलेली असताना मनगटाच्या कडेने या चाव्या दाबून एकाच वेळी अनेक स्वर वाजवता येतात. दोन्ही कोपरे, दहा बोटे, मनगट आणि मांडी यांचा हा मेळ साधायला किती काळ लागतो हे सांगताना पाइपवादकांमध्ये सात वर्षे शिकण्याची, सात वर्षे सरावाची आणि सात वर्षे वादनाची असा हिशेब रूढ आहे.

नृत्यधुनांची रचना मात्र साधी असते. जलद चालीची ‘रील’ असो की तीन-तीन मात्रांच्या गटांत झुलणारी ‘जिग’ असो, बहुतेक धुनांचे दोन भाग असतात, प्रत्येक भाग आठ बारांचा, म्हणजे समान लांबीच्या आठ तालखंडांचा असतो आणि तो दोनदा वाजतो. सांगाडा एवढा आटोपशीर असल्यामुळे वादकाची ओळख अलंकरणात आणि दर फेरीला केलेल्या सूक्ष्म बदलांत दिसते. चँटरच्या सर्वांत खालच्या स्वराभोवती नेहमीची मुरकी घेता येत नाही, कारण त्याच्या खाली दुसरा स्वरच नसतो. म्हणून पाइपवादक वरच्या छिद्रांवरची बोटे क्षणार्धात उचलून तो एकच स्वर अनेक तुकड्यांत फोडतात, आणि या क्लृप्तीला ‘क्रॅन’ म्हणतात. वादनाच्या शैलीही ढोबळमानाने दोन मानल्या जातात: चँटर मांडीवरून उचलून स्वर एकमेकांत वाहू देणारी ‘खुली’ शैली, आणि दोन स्वरांच्या मध्ये सर्व छिद्रे बंद करून प्रत्येक स्वर सुटा वाजवणारी ‘घट्ट’ शैली. एनिस यांचे वादन या दोहोंच्या मध्ये होते. ‘द बक्स ऑफ ऑरनमोर’ ही पाच भागांची रील त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली. मात्र त्यांची खरी मातब्बरी तालाविना वाजवल्या जाणाऱ्या संथ धुनांत, म्हणजे ‘स्लो एअर’मध्ये मानली जाते. या धुना आयरिश भाषेतील गीतांच्या चाली असतात, आणि मूळ गीताचे शब्द व त्यांचे श्वास ठाऊक असलेला वादकच त्या नीट वाजवू शकतो. एनिस यांना हे शब्द ठाऊक असण्याचे कारण त्यांच्या नोकरीत सापडते.

पेन, कागद आणि सायकल

शालेय शिक्षणाचा शेवटचा टप्पा आयरिश माध्यमातून पूर्ण केल्यावर एनिस १९३८ मध्ये डब्लिनच्या ‘थ्री कँडल्स’ या छापखान्यात कामाला लागले. छापखान्याचे मालक कॉल्म ओ लॉक्लिन हे गीतसंग्राहक आणि विद्वान गृहस्थ होते, आणि तेथे छपाईच्या कामाबरोबरच पाश्चात्त्य स्वरलेखन, म्हणजे पाच रेघांवर सुरावट लिहिण्याची पद्धत, एनिस यांनी पक्की केली. बहुतेक परंपरागत वादक कानाने शिकत आणि कानाने शिकवीत; ऐकलेली धून ताबडतोब कागदावर उतरवू शकणारा, शिवाय आयरिश भाषा जाणणारा आणि स्वतः वादक असलेला माणूस दुर्मीळ होता. दुसऱ्या महायुद्धामुळे कागदाची टंचाई होऊन छापखान्याचे काम घटले, तेव्हा ओ लॉक्लिन यांनी त्यांची गाठ आयरिश लोकसाहित्य आयोगाचे संचालक जेम्स डेलार्गी यांच्याशी घालून दिली. हा आयोग १९३५ मध्ये सरकारने स्थापन केला होता आणि लोककथा, समजुती, चालीरीती टिपणारे पगारी संग्राहक त्याने ग्रामीण भागात नेमले होते.

एनिस १९४२ मध्ये संगीत-संग्राहक म्हणून आयोगात रुजू झाले. आठवड्याला तीन पौंड पगार, पेन, कागद आणि सायकल एवढ्या सामग्रीवर त्यांची पहिली स्वारी पश्चिम किनाऱ्यावरील कॉनेमारा या आयरिशभाषक प्रदेशात निघाली. आयर्लंड युद्धात तटस्थ होते, तरी पेट्रोलची चणचण तीव्र असल्याने मोटारीचा प्रश्नच नव्हता. आयोगाकडे मेणाच्या नळकांड्यांवर आवाज मुद्रित करणारे एडिफोन यंत्र होते, परंतु ते जड होते आणि नळकांडी महाग असल्याने मजकूर कागदावर उतरवून झाला की त्यांचा पृष्ठभाग तासून ती पुन्हा वापरली जात. त्यामुळे जे टिकायचे ते कागदावरच टिकणार होते, आणि कागदावरील नोंद किती खरी उतरते हे सर्वस्वी संग्राहकाच्या कानावर अवलंबून होते.

या कामाची रीत त्यांच्या दैनंदिनीतून कळते. ती आयोगाच्या नियमानुसार लिहिली जाई आणि पुढे रिअनॉक ई ओगॉन यांच्या संपादनाखाली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. संग्राहक एखाद्या गावात मुक्काम करी, कोणाला किती गाणी येतात याची चौकशी करी आणि मग त्या व्यक्तीच्या घरी पुन्हा पुन्हा जाई. शेतकरी आणि कोळी दिवसभर कामात असत, त्यामुळे गवत कापणे, होडीतून मासे धरणे अशा कामांत हात लावत ओळख वाढवावी लागे आणि संध्याकाळी चुलीपाशी गाणी उतरवून घ्यावी लागत. आधी शब्द, नंतर चाल, मग गाणे कोणाकडून शिकले याची नोंद आणि शेवटी शंकास्थळे तपासण्यासाठी गायकाला ते परत म्हणायला लावणे असा क्रम असे. गाणे म्हणणाऱ्याच्या बोलीतील उच्चार जसेच्या तसे लिहायचे असल्याने बोलींचे ज्ञान अत्यावश्यक होते, आणि एनिस ज्या भागात जात तेथली आयरिश बोली तिथल्याच माणसासारखी बोलत, अशी त्यांची ख्याती होती. शिवाय ते रिकाम्या हाताने जात नसत: पाइप, टिनची शिट्टी आणि फिडल वाजवून, प्रसंगी नाचून, एका गावात शिकलेले गाणे दुसऱ्या गावात म्हणून ते देवघेव पूर्ण करीत.

कॉनेमारातील कार्नाजवळच्या ग्लिनस्क येथील कॉल्म ओ कीआन या लहान शेतकरी-कोळ्याकडून त्यांनी २१२ गाणी व इतर नोंदी उतरवून घेतल्या; एका व्यक्तीकडून त्यांनी जमवलेला हा सर्वांत मोठा ठेवा होता आणि त्यातून दोघांची निकट मैत्रीही जुळली. कॉर्क परगण्यातील एलिझाबेथ क्रोनिन या गायिकेला एनिस यांच्याशी गप्पा मारण्याची एवढी ओढ असे की त्या आपली गाणी आधीच कागदावर लिहून ठेवीत, आल्या आल्या त्यांच्या हाती देत आणि मग निवांत बोलत बसत. डॉनेगल, मेयो, कॅव्हन या परगण्यांत आणि अॅरन बेटांवर त्यांचे काम चालले; स्कॉटलंडमधील गेलिक भाषकांमध्येही ते गेले आणि तेथील गाण्यांच्या लेखनाला त्यांची मदत झाली. १९४७ पर्यंतच्या पाच वर्षांत त्यांनी जमवलेल्या गाण्यांची आणि धुनांची संख्या दोन हजारांच्या आसपास सांगितली जाते.

पाइपवादक म्हणून ही पाच वर्षे वाया गेली असे वरकरणी वाटू शकते, कारण या काळात त्यांनी रंगमंचावर फारसे नाव मिळवले नाही. परंतु एरवी एखाद्या वादकाच्या वाट्याला आपल्या परगण्याची आणि फार तर शेजारच्या परगण्याची धून येते. एनिस यांच्या कानात मात्र पश्चिम आयर्लंडच्या सबंध पट्ट्याची गीते त्यांच्या शब्दांसह, बोलींसह आणि गायकांच्या वंशावळीसह साठली. पुढे पाइपवर त्यांनी वाजवलेल्या संथ धुनांना जे अधिकृतपण लाभले ते या सायकल-प्रवासांतून आले होते.

नभोवाणीची दहा वर्षे

ऑगस्ट १९४७ मध्ये एनिस राष्ट्रीय नभोवाणीत, म्हणजे रेडिओ एअरन्न या संस्थेत, बाह्य ध्वनिक्षेपण अधिकारी म्हणून दाखल झाले. मुद्रणयंत्र बसवलेली मोटार घेऊन खेड्यात जायचे, वादकांचे आवाज तबकड्यांवर घ्यायचे आणि डब्लिनला परतून त्यांचे कार्यक्रम करायचे असे हे काम होते. क्लेअर परगण्यातील मिल्टाउन मालबे येथील पाइपवादक विली क्लॅन्सी यांचे पहिले मुद्रण त्यांनी याच काळात केले. नभोवाणीची ही फिरती सेवा महत्त्वाची ठरण्यामागे एक सामाजिक कारणही होते: १९३५ च्या सार्वजनिक नृत्यगृह कायद्याने परवान्याशिवाय नाच भरवण्यावर बंधने घातली, धर्मगुरू आणि पोलीस यांनी तो कायदा घरोघरी होणाऱ्या नाचांविरुद्धही वापरला, आणि ज्या स्वयंपाकघरांत तरुण वादक वडीलधाऱ्यांकडून धुना उचलत तीच हळूहळू शांत होऊ लागली. अशा वेळी शेजारच्या परगण्यातील वादक कसा वाजवतो हे ऐकण्याचे साधन म्हणून नभोवाणीने मोठी जागा भरून काढली.

अमेरिकन लोकसंगीत-संग्राहक ॲलन लोमॅक्स १९५१ मध्ये आयर्लंडला आले तेव्हा एनिस त्यांचे वाटाडे झाले आणि स्वतःही त्यांच्या ध्वनिफितीवर मुद्रित झाले. या दौऱ्यातून सिद्ध झालेली आयर्लंडवरील तबकडी दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस एनिस लंडनला बीबीसीत गेले. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड येथील लोकसंगीत व बोली मुद्रित करण्याची एक योजना बीबीसीने १९५२ ते १९५७ या काळात राबवली, आणि पीटर केनेडी यांच्यासारख्या सहकाऱ्यांबरोबर एनिस यांनी तीत मुद्रणाचे काम केले. रविवारी सकाळी प्रसारित होणारा ‘ॲज आय रोव्ह्ड आउट’ हा या मुद्रणांवर आधारलेला कार्यक्रम १९५३ ते १९५८ पर्यंत चालला, आणि तो ऐकून ब्रिटनमधील शहरी तरुणांची एक पिढी लोकसंगीताकडे वळली. एनिस यांचा धीरगंभीर आवाज आता आयर्लंडपलीकडच्या श्रोत्यांनाही परिचित झाला होता.

१९५८ मध्ये बीबीसीने त्यांच्या कराराचे नूतनीकरण केले नाही. या घटनेत व्यक्तिगत कारणांचा भाग असू शकेल, पण तिच्यामागे तंत्रज्ञानातील बदलाचा रेटाही ओळखता येतो. १९४२ मध्ये एनिस यांच्याकडे जे कौशल्य होते, म्हणजे ऐकून लगेच अचूक लिहिणे, त्याला पर्याय नव्हता; फिरती ध्वनिफितयंत्रे सुलभ झाल्यावर मात्र तेच काम स्वरलेखन न येणारा माणूसही करू शकत होता, आणि एकदा भरपूर मुद्रणे जमली की ती गोळा करणाऱ्याची संस्थेला असलेली गरज कमी होत गेली.

चार पाइपवादक, चार मिळकती

एनिस यांची पुढील परिस्थिती समजण्यासाठी त्यांच्या समकालीन पाइपवादकांनी पोटापाण्याची सोय कशी केली हे पाहणे उपयोगी आहे. जॉनी डोरन (१९०८–१९५०) हे भटक्या समाजातील वादक घोडागाडीच्या घरात कुटुंबासह राहत आणि जत्रा, शर्यती, सामने येथे वाजवून पैसे मिळवीत. उघड्यावर गर्दीसमोर वाजवण्यासाठी साजेशी वाहती, खुली शैली त्यांनी घडवली. आयोगाने १९४७ मध्ये केलेली त्यांची मोजकी मुद्रणेच आज उपलब्ध आहेत, कारण त्यानंतर थोड्याच काळात भिंत कोसळून ते जबर जखमी झाले आणि दोन वर्षांनी वारले. लिओ राऊसम (१९०३–१९७०) यांनी वाद्ये बनवणे, दुरुस्त करणे आणि डब्लिनच्या नगरपालिका संगीतशाळेत शिकवणे असा स्थिर मार्ग धरला, आणि शहरातील पुढच्या पिढीचे बरेचसे पाइपवादक त्यांच्या हाताखाली तयार झाले. विली क्लॅन्सी सुतारकाम करीत. काही काळ लंडनमध्ये काढून ते गावी परतले आणि सुतारकीबरोबरच पाइपच्या दुरुस्तीचे व पत्त्या बनवण्याचे काम करीत राहिले. १९७३ मध्ये ते वारले, आणि त्याच वर्षी त्यांच्या नावाने सुरू झालेली उन्हाळी संगीतशाळा आजही दर जुलैत मिल्टाउन मालबे येथे भरते.

या तिघांच्या हातात एक-एक असा धंदा होता जो संस्थेच्या मर्जीवर अवलंबून नव्हता. एनिस यांचे बहुतेक उत्पन्न मात्र आयोग, नभोवाणी आणि बीबीसी यांच्याकडून आले होते, आणि तिन्ही दारे मागे पडल्यावर त्यांच्याकडे केवळ वादन उरले. ब्रिटन आणि आयर्लंडमधील लोकसंगीत मंडळांत कार्यक्रम, नव्याने सुरू झालेल्या आयरिश दूरचित्रवाणीवर फुटकळ कामे, १९६४ मध्ये अमेरिकेतील न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सव, ‘द बॉनी बंच ऑफ रोझेस’ (१९५९) आणि ‘द प्युअर ड्रॉप’ (१९७३) यांसारख्या तबकड्या असे हे स्वतंत्र व्यवसायाचे स्वरूप होते. संसार मोडला होता, क्षयाच्या आजाराने प्रकृती खालावली होती आणि मिळकतीला कोणतेही सातत्य नव्हते.

विरोधाभास असा की नेमक्या याच काळात आयरिश संगीताला प्रथमच मोठी बाजारपेठ मिळू लागली होती. संगीतकार शॉन ओ रिआडा यांनी १९६० च्या सुमारास परंपरागत वादकांना एकत्र बसवून प्रत्येक वाद्याला आळीपाळीने पुढे आणणारी वृंदरचना केली. त्या वृंदातील काहींनी पाइपवादक पॅडी मोलोनी यांच्या नेतृत्वाखाली १९६२ मध्ये ‘द चीफटन्स’ हा गट स्थापला. पुढे मोठे नाव होऊनही गटातील वादक आपापल्या नोकऱ्या सांभाळत राहिले आणि १९७५ मध्येच ते पूर्णवेळ व्यावसायिक झाले, यावरून लोकसंगीतावर जगण्यातील धोका लक्षात येतो. १९७२ मध्ये गिटार, बुझुकी, मँडोलिन यांबरोबर पाइप वाजवणारा ‘प्लँक्स्टी’ हा गट पुढे आला. बाजारपेठेला हवे होते ते निरनिराळ्या वाद्यांचे, ठरलेल्या वेळात बसणारे आणि मोठ्या सभागृहात पोहोचणारे संगीत. एनिस यांची कला एकट्याने वाजवण्याची, धुनेआधी तिची कथा सांगण्याची आणि खोलीभर श्रोत्यांसाठी होती, त्यामुळे ज्या लाटेला त्यांच्या मुद्रणांनी आणि नोंदींनी बळ दिले तिचा आर्थिक लाभ त्यांच्यापर्यंत फारसा पोहोचला नाही.

मान कोण ठरवतो

परंपरागत संगीतात प्रतिष्ठा मोजण्याची जागा ‘सेशन’ ही आहे: कोणाच्या घरी किंवा दारूगुत्त्यात वादक वर्तुळ करून बसतात, एकजण धून सुरू करतो, ज्यांना ती येते ते सामील होतात, आणि जाणकार वादकाला एकट्याने वाजवण्याची विनंती झाली की बाकीचे वाद्य खाली ठेवतात. तेथे तिकीट नसते, पण कोणाच्या धुनेला कोणती परंपरा आहे, ती कोणाकडून आली आणि ती किती नेमकी वाजली याचा निवाडा अत्यंत कडक असतो. या निकषावर एनिस यांचा शब्द अखेरचा मानला जाई. १९६८ मध्ये मीथ परगण्यातील बेटीज्टाउन येथे पाइपवादकांनी एकत्र येऊन ‘ना पीबरी इलन’ ही संघटना स्थापन केली, तेव्हा पाइप वाजवणाऱ्यांची संख्या चिंता वाटावी इतकी घटली होती, आणि त्या मेळाव्यात एनिस यांच्या उपस्थितीला मोठे वजन होते.

एनिस यांनी रीतसर शाळा कधी चालवली नाही. मात्र १९७० च्या दशकाच्या आरंभी तरुण पाइपवादक लियम ओ’फ्लिन जवळजवळ तीन वर्षे त्यांच्याबरोबर एका घरात राहिले. राऊसम यांच्याकडे हात तयार करून आलेल्या या शिष्याला एनिस यांच्या सहवासातून धुनांचे मूळ, त्यांचे गायक आणि संथ धुनेतील श्वासाची जागा यांचे शिक्षण मिळाले. ‘प्लँक्स्टी’चे पाइपवादक ओ’फ्लिनच होते, त्यामुळे हजारोंच्या सभागृहांत जे पाइपवादन ऐकू जाऊ लागले त्यात एनिस यांच्या कानाचा वारसा होता. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत एनिस यांनी डब्लिनच्या उत्तरेकडील नॉल या गावी जमीन घेऊन तेथे फिरत्या घरात, म्हणजे चाकांवरच्या कॅराव्हॅनमध्ये, वस्ती केली. १९८२ च्या विली क्लॅन्सी उन्हाळी शाळेतील वादन हे त्यांच्या शेवटच्या जाहीर वादनांपैकी होते. ५ ऑक्टोबर १९८२ रोजी त्यांचे निधन झाले आणि कॉइन यांनी घडवलेला तो संच मृत्युपत्रान्वये ओ’फ्लिन यांच्याकडे गेला. वादनतंत्राविषयी त्यांनी मागे ठेवलेले लिखाण पुढे ‘ना पीबरी इलन’ने पुस्तकरूपात आणले, आणि नॉल येथे आता त्यांच्या नावाचे कलाकेंद्र आहे.

एनिस यांच्या कारकिर्दीनंतर परंपरागत वादकाला आधार देणारी व्यवस्था बरीच बदलली आहे. डब्लिनमध्ये १९८७ पासून आयरिश परंपरागत संगीताचे स्वतंत्र अभिलेखागार आहे, लिमरिक विद्यापीठात या संगीताच्या पदव्या मिळतात, पाइप आणि त्याच्या पत्त्या बनवण्याचे प्रशिक्षण पाइपवादकांच्या संघटनेमार्फत दिले जाते, आणि २०१७ मध्ये युनेस्कोने इलन पाइपवादनाला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यामुळे आजचा वादक शिकवणे, मुद्रण, दौरे आणि शिष्यवृत्ती यांची मोट बांधून मिळकत उभी करू शकतो. यांतील बहुतेक वाटा एनिस यांनी आधी एकट्याने चोखाळून पाहिल्या होत्या, मात्र त्यांच्या काळी त्या वाटा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या: आयोगाला संग्राहक हवा होता, नभोवाणीला निवेदक, सभागृहाला गट, आणि या सर्वांना एकत्र बांधणाऱ्या वादकाची जबाबदारी कोणत्याही एका संस्थेकडे नव्हती. परंपरेची कदर करणाऱ्या समाजाने संग्रह जपताना संग्राहकाच्या उत्तरायुष्याचाही विचार करावा लागतो, हा त्यांच्या जीवनाचा सर्वांत व्यावहारिक धडा आहे, आणि पुढे उभ्या राहिलेल्या संघटना, शाळा व अभिलेखागारे यांचे खरे मूल्यमापन याच कसोटीवर व्हायला हवे.